शेजारच्या घरी दुखवटा आहे, यंदा बिल्डिंगमधला नाताळ कसा करायचा?

चरईतली_मीनल | १२ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली, चौदा बिऱ्हाडं. त्यात एकच कॅथलिक घर, आमच्या शेजारचं, भिंतीला भिंत. आंटी ईस्ट इंडियन, घरात मराठीच बोलतात आणि पाण्यावरून भांडताना तर माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. मी लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या बिल्डिंगचा नाताळ म्हणजे आंटी-अंकलचा नाताळ. अंकल जिन्यात स्टार लावायचे, खाली मीटरच्या पेटीशेजारी गोठा करायचे, त्यात मेंढ्यांच्या बाजूला आमच्या पोरांचे प्लास्टिकचे डायनॉसोर पण बसायचे आणि अंकल कधी उचलून ठेवायचे नाहीत. २४ ला संध्याकाळी बाकीच्या तेरा दारांवर तेरा प्लेटी. मग पाच-सहा वर्षांपूर्वी कमिटीने त्याचा इव्हेंट केला. सांता, स्पीकर, गेम्स, माणशी दोनशे रुपये.

अंकल ऑक्टोबरात गेले, दिवाळीच्या तोंडावर.

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो रद्द करा, बरं दिसत नाही. दुसरा म्हणतो मुलांनी काय घोडं मारलंय, शिवाय सांताचा ड्रेस बुक झालाय. सेक्रेटरींनी मधला मार्ग काढला की पार्टी करू पण थीम 'करुणा' ठेवू, आणि उरलेल्या पैशात स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटू, बॅनर धरून. हे वाचून मला कसंतरीच झालं, पण का झालं ते धड सांगता येईना म्हणून गप्प बसले.

आंटींना विचारायची कोणाची हिंमत नाही. मी रोज जाते, चहा होतो, भाजीच्या भावापासून सगळं बोलतो, फक्त नाताळचं नाव निघालं की दोघी टीव्हीकडे बघायला लागतो.

तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

कळवा_स्लो | १२ डिसेंबर, रात्री १०:५१

महत्त्वाचा विषय. जागा पकडून ठेवतो. गाडीत आहे, घरी पोचलो की सविस्तर लिहितो.

घोडबंदरचा_खड्डा | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

सांताचा ड्रेस बुक झालाय हे कारण फार म्हणजे फार आवडलं. हॉल बुक झालाय म्हणून लग्न केलेली दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यातला एक मी.

तलावपाळीकर | १२ डिसेंबर, रात्री ११:३०

मीनलताई, आपल्याकडे हे आहेच की. बाबा गेले त्या वर्षी आमच्या घरात कढई चढली नाही. वर्षभर सण नाही, ठरलेलं. पण दिवाळीच्या पहिल्या दिवशी समोरच्या काकू चिवड्याचा डबा घेऊन आल्या, शेजारच्या चकल्या आल्या, मामीच्या करंज्या आल्या, शेवटी इतकं फराळ जमलं की आई म्हणाली एवढं तर आपण कधी केलं पण नव्हतं. कोणी 'शुभ दीपावली' म्हणालं नाही, डबा ठेवला, दहा मिनिटं बसले, गेले. तुमच्या आंटींच्या बाबतीत हेच करा ना, दिवाळीचं माप नाताळला लावा.

फुगेवाली | १३ डिसेंबर, सकाळी ७:१२

मी आंटींच्याच गोतातली, माहेर वसई, सासर माझिवडा. तलावपाळीकरांनी लिहिलंय त्यात आणि आमच्यात फार फरक नाही. माणूस गेल्याच्या वर्षी आमच्या घरी स्टार लागत नाही, नेवऱ्या-कुलकुल तळत नाहीत, नवे कपडे नाहीत. चर्चमध्ये मिस्साला मात्र जायचंच. आणि गोड करायचं नाही म्हणजे खायचं नाही असं नाही, त्यामुळे प्लेटी बाहेरून येतात.

पण एक सांगते. पप्पा गेले त्या नाताळला प्लेटी आल्याच नाहीत. नवी सोसायटी, नवे शेजारी, सगळे भले लोक. त्यांना वाटलं ह्यांना त्रास नको. वरच्या मजल्यावर केक गेला, खालच्या मजल्यावर गेला, आमचा मजला सोडून. मुलं पळत आली की आमच्या दाराशी त्यांच्या आया त्यांना शुक्‌ करायच्या, ते मला आतून ऐकू यायचं. इतकी वर्षं झाली, तो शुक्‌ अजून कानात आहे. पप्पा गेले ते देवाने नेले, त्याचं आपण काय करणार, पण आमचा मजला माणसांनी गाळला होता.

तेव्हा रद्द करा न करा, दार तेवढं गाळू नका.

चरईतली_मीनल | १३ डिसेंबर, सकाळी ८:४०

फुगेवाली, वाचून चहा गार झाला. दिवाळीत आम्ही बहुतेक हेच केलं. फटाके वाजवले नाहीत आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. फराळ द्यायला गेलेच नाही कारण वाटलं, त्यांचा सण नाही, वर त्यांना सुतक.

सडेतोड_सदा | १३ डिसेंबर, सकाळी ९:५५

मराठी माणसाला दुसऱ्यांच्या सणांचं फार पडलेलं असतं. दिवाळीत कोणी धागा काढला होता का की शेजारी दुःखी आहे, फटाके कसे वाजवू? मॉलवाल्यांनी नाताळ डोक्यावर आणून बसवला आणि आपण करुणा करतोय.

तलावपाळीकर | १३ डिसेंबर, सकाळी १०:२०

सदाभाऊ, मॉल काल आले. ठाण्यात १३२१ साली चार ख्रिस्ती धर्मप्रसारक मारले गेले, त्याची नोंद युरोपात आहे, तेव्हा पोर्तुगीज भारतात यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. जांभळी नाक्याचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. मराठ्यांनी १७३७ ला ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले, पण ही माणसं कुठे जाणार, ती इथलीच होती, भात लावत होती, मासे मारत होती. त्यांच्या किल्ल्याचं पुढे इंग्रजांनी जेल केलं, ते वेगळं :-)

उलवेकर | १३ डिसेंबर, सकाळी १०:४१

भाबडा प्रश्न. मला कालपर्यंत ईस्ट इंडियन म्हणजे बंगाली-ओरिया वाटायचे.

फुगेवाली | १३ डिसेंबर, सकाळी ११:०३

हाहा, तुम्ही एकटे नाही, माझ्या बॉसला पण वाटायचं. ते ईस्ट इंडिया कंपनीवरून आलंय. गोव्याकडचे, मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत नोकरीला यायला लागले, तेव्हा आम्ही इथलेच, हे दाखवायला आमच्या लोकांनी १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. म्हणजे भूमिपुत्रांनी भूमिपुत्र असल्याचं सिद्ध करायला परदेशी कंपनीचं नाव घेतलं. ह्यावर तुम्ही काय हसाल, आम्हीच हसून घेतो.

घोडबंदरचा_खड्डा | १३ डिसेंबर, सकाळी ११:१५

ते सगळं राहू द्या, बॉटल मसाल्याची पाककृती कधी टाकताय?

फुगेवाली | १३ डिसेंबर, सकाळी ११:२२

मे महिन्यात विचारा. उन्हात वाळवायचं, भाजायचं, कुटायचं आणि बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचं काम आहे, डिसेंबरात तोंडाला पाणी सुटलं म्हणून होत नाही. आणि प्रत्येक घराचं माप वेगळं, माझ्या सासूने मला नऊ वर्षं सांगितलं नव्हतं.

दुसरी_पाळी | १३ डिसेंबर, रात्री ११:४८

आत्ता ड्यूटीवरून आले. मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, कुठल्या ते विचारू नका.

करुणा थीमवरून लिहायचं होतं. २५ तारखेला आमच्याकडे सकाळपासून तीन-चार ग्रुप येतात. लाल टोप्या, केक, फुगे, कॅमेरा. मनाने चांगले असतात, मी नावं ठेवत नाही. पण वॉर्डात बघा ना. एकाला डायबेटिस, एकाचं दुपारी ऑपरेशन म्हणून रात्रीपासून उपाशी, एकाच्या नाकात नळी. केमो चालू असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, त्यांना बाहेरचा क्रीमचा केक म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. मग आम्ही नको म्हणतो आणि खडूस ठरतो. गेल्या वर्षी एका आजोबांच्या हातात केक देऊन फोटो काढला आणि ग्रुप पुढच्या बेडवर गेल्यावर मी तो काढून घेतला, त्यांची शुगर साडेतीनशे होती. आजोबा मला म्हणाले, बाई, वास तर घेऊ दे.

खरी गरज कोणाला असते सांगू? नातेवाइकांना. व्हरांड्यात चटईवर झोपतात, मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट आणि अकरा माणसं. रात्री दोन वाजता कोणी थर्मासभर चहा आणला तर ती माणसं रडतात, खरंच सांगते. सणाच्या दिवशी कँटीन पण लवकर बंद होतं. थर्मास, एक्स्टेन्शन बोर्ड, डासांची कॉइल नको (वॉर्डात चालत नाही), ओडोमॉस चालेल.

खारघरची_सई | १४ डिसेंबर, सकाळी ८:०५

दुसरी_पाळी यांना शंभर टक्के अनुमोदन. मी टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक कॅन्सर हॉस्पिटलपासून जवळ राहते. आमच्या गल्लीत रोज सकाळी एखादं जोडपं फाइल छातीशी धरून खोली शोधत फिरताना दिसतं, तोंडाला मास्क लावलेलं मूल सोबत. बंगाल, बिहार, कुठून कुठून येतात. महिन्याच्या भाड्याने खोली हवी असते आणि अर्ध्या दारांवर ऐकायला मिळतं की पेशंटला देत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये ह्यावर मीटिंग झाली होती, मी पण हात वर केला नव्हता. इथे नाव खोटं आहे म्हणून लिहितेय.

शाळेत कॉन्व्हेंटला होते, नाताळच्या नाटकात मी दरवर्षी धर्मशाळेवाली. एकच डायलॉग, 'जागा नाही'. दोन सेकंदांचं काम. मोठी होऊन तेच काम करेन असं वाटलं नव्हतं.

फुगेवाली | १४ डिसेंबर, सकाळी ८:३०

सई, मिठी.

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. चर्चमध्ये चार मेणबत्त्यांतली गुलाबी पेटते, बाकी तीन जांभळ्या. जांभळा म्हणजे उपवासाच्या काळातला रंग, गाजावाजा नको असं सांगणारा. नाताळच्या आधीचे चार आठवडे खरं तर गप्प राहून वाट बघायचे असतात. मॉलमध्ये दिवाळीचे कंदील उतरले की दुसऱ्या दिवशी जिंगल बेल सुरू, त्यामुळे आमच्या पोरांना पण हे माहीत नसतं. शाळेत सिस्टर आम्हाला रिकामी गव्हाण द्यायच्या. काहीतरी चांगलं काम केलं की एक गवताची काडी टाकायची, २४ पर्यंत बाळाला मऊ बिछाना झाला पाहिजे. आणि काम कोणाला सांगायचं नाही, नुसती काडी टाकायची. मी एकदा खोटी काडी टाकली होती, तिसरीत. अजून टोचते.

शनिवारची_गणितबाई | १४ डिसेंबर, दुपारी १:१७

ब्लँकेट आणि बॅनरवर माझे दोन आणे.

मी आठ वर्षं एका बालगृहात शनिवारी गणित शिकवते. २५ डिसेंबरला तिथे सात केक येतात. सात. मुलं चौथ्या केकला कंटाळलेली असतात पण पाहुणे आलेत म्हणून सातव्यांदा टाळ्या वाजवून 'थँक्यू अंकल थँक्यू आंटी' म्हणायचं, नाचून दाखवायचं. एकदा एका मुलीने मला विचारलं, बाई, त्यांच्या घरी नाच नसतो का? १० जानेवारीला फाटकाशी कुत्रं नसतं. आणि फोटोवाल्यांनी लक्षात ठेवा, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही छापणं-टाकणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. स्टेटसला हसऱ्या मुलांचे चेहरे टाकणारे चांगले शिकलेले लोक असतात, त्यांना हे सांगितलं की राग येतो.

द्यायचंच असेल तर मार्चमध्ये या. परीक्षा असते आणि अपूर्णांक येत नसतात.

नेरूळचा_निनाद | १४ डिसेंबर, दुपारी २:०२

बाई, पटलं तरी एक शंका. असं सगळ्यांनाच झाडलं तर जे वर्षातून एकदा तरी येतात ते पण यायचे बंद होतील. दिखावा का असेना, ब्लँकेट तर खरं असतं ना? थंडीत झोपलेल्याला बॅनर दिसत नाही, ऊब लागते.

शनिवारची_गणितबाई | १४ डिसेंबर, दुपारी २:२५

ठाण्यात कुठली हो थंडी.

बरं, गंमत सोडा, मुद्दा मान्य. ब्लँकेट द्या, बॅनर घरी ठेवा.

सडेतोड_सदा | १४ डिसेंबर, दुपारी ४:४०

हॉस्पिटलचा विषय निघालाच आहे तर कामाचं लिहितो. केकपेक्षा प्लेटलेट द्या. कॅन्सरच्या पेशंटला लागतात, आणि प्लेटलेट पिशवीत जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणजे साठा करून ठेवताच येत नाही. सुट्ट्या लागल्या, लोक गोव्याला पळाले की डोनर मिळत नाहीत, पेशंट काही सुट्टीवर जात नाही. मशीनवर सिंगल डोनर प्लेटलेट देतात, साधारण तास-दीड तास बसावं लागतं, लाल रक्त परत शरीरात सोडतात. वजन ५० किलोच्या वर हवं, आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, शिरा जाड हव्यात. ब्लड बँकेला आधी फोन करून नाव नोंदवा, उगाच घोळक्याने जाऊ नका, ते गरज पडेल तसं बोलावतात. मी अकरा वेळा दिलंय. हाताला थोड्या मुंग्या येतात, मग कॅल्शियमची गोळी देतात. शेवटी बिस्किट आणि फ्रूटी.

तलावपाळीकर | १४ डिसेंबर, दुपारी ४:५८

सदाभाऊ???

सडेतोड_सदा | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:०१

काय सदाभाऊ. माझं मॉलबद्दलचं मत तेच आहे.

उलवेकर | १४ डिसेंबर, रात्री ९:१९

आमच्या टॉवरमधली गेल्या वर्षीची गोष्ट. सांता व्हायला कोणी तयार नाही, उकडतं म्हणून. शेवटी वॉचमनला सूट चढवला. बिचाऱ्याने दोन तास गोळ्या वाटल्या, सेल्फी काढून घेतल्या, मग दाढी काढून परत गेटवर उभा राहिला. बुफे संपेपर्यंत त्याला जेवलास का म्हणून कोणी विचारलं नाही, कारण सूट काढल्यावर तो परत वॉचमन. मी पण विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी तो बायकोला फोनवर सांगत होता तेव्हा ऐकलं, हसत सांगत होता.

व्हँकुव्हरवाशी | १५ डिसेंबर, पहाटे ५:३३

(मूळची वाशी सेक्टर ९, म्हणून हे नाव.) इथे बऱ्याच चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीला, एक वेगळी प्रार्थना ठेवतात, ब्लू ख्रिसमस म्हणतात. ज्यांचं कोणी गेलंय, नोकरी गेलीय, घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी. आईच्या वर्षी माझी शेजारीण मला घेऊन गेली, मी हिंदू आहे हे तिला माहीत होतं. बँड नाही, झगमगाट नाही. एकेक जण पुढे जाऊन मेणबत्ती लावून परत येतो. मी आईसाठी लावली आणि मनात अथर्वशीर्ष म्हटलं कारण दुसरं काही येत नव्हतं. बाहेर आल्यावर शेजारीण काही न बोलता गाडीत हीटर लावून बसली. मुंबईत कधी कोणी मला रडायला एवढी जागा दिली नव्हती.

निवृत्त_नाना | १५ डिसेंबर, सकाळी १०:१२

पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले, ते त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदनात ठेवल्या. धर्मांतरावरून त्यांच्यावर त्या काळात काय काय लिहिलं गेलं ते इथे उकरत नाही, तो वेगळा धागा होईल आणि ॲडमिनला झोप लागणार नाही. मला एवढंच दिसतं की भूक काय असते ते त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मीनलताई, माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. लोक पहिल्या महिन्यात येतात, तेव्हा आपण बधिर असतो, कोण आलं कोण गेलं आठवत नाही. तिसऱ्या महिन्यात जाग येते, तेव्हा कोणी नसतं. तुमच्या आंटींचा तो महिना आता सुरू आहे. आणि रोज चहाला जाता म्हणता ना, मग अंकलचं नाव घ्या. लोक माझ्यासमोर तिचं नाव टाळायचे. मला वाटायचं, अरे मी विसरलेलो नाही, तुम्ही काय आठवण करून देणार.

नेरूळचा_निनाद | १५ डिसेंबर, सकाळी १०:३०

नाना, माझं उलट होतं. बाबा गेल्यावर कोणी नाव काढलं की मी उठून जायचो. दोन वर्षं सहन झालं नाही. माणूस बघून करायला हवं, ठरलेला फॉर्म्युला नाही.

निवृत्त_नाना | १५ डिसेंबर, सकाळी १०:४४

खरं आहे. मी माझ्यापुरतं बोललो.

फुगेवाली | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

मीनल, मग विचार ना सरळ. पण 'आंटी, मी काय करू?' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर 'काही नको गं' हेच येतं. काम घेऊन जा. 'माझे कुलकुल दरवेळी दगड होतात, शिकवता का?' असं.

आणि कॅरलवाली मुलं येतील तर त्यांना आधी कानावर घाल. आमच्या पॅरिशची मुलं दुखवट्याच्या घरी ड्रम खाली ठेवतात, गिटारवर एकच सायलेंट नाइट म्हणतात आणि निघतात. ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हाही गिटारच होती, १८१८ साली, ऑस्ट्रियातल्या एका छोट्या गावात. डीजे नव्हता हे तुझ्या कमिटीला सांग.

चरईतली_मीनल | १६ डिसेंबर, रात्री ९:५०

अपडेट. आज गेले. कुलकुलचं विचारलं.

आंटी म्हणाल्या, ह्या वर्षी माझ्या गॅसवर तळण नाही. मी म्हटलं बरं. मग एकदम काही सुचेना म्हणून टीव्हीकडे बघितलं, तो बंद होता. मग त्याच म्हणाल्या, तुझ्या गॅसवर काय होतं?

म्हणजे दुखवटा त्यांच्या घराला आहे, माझ्या किचनला नाही! फुगेवाली, हे चालतं का तुमच्यात?

फुगेवाली | १६ डिसेंबर, रात्री ९:५८

नियमात कुठे नाही. नियमाच्या बाहेर पण कुठे नाही. आंटी वकील व्हायला हव्या होत्या.

घोडबंदरचा_खड्डा | १६ डिसेंबर, रात्री १०:१०

आमच्या आजीने एकादशीला साबुदाण्याच्या नावाखाली जे जे खाल्लं ते बघता दोघींचं जमलं असतं.

चरईतली_मीनल | २२ डिसेंबर, रात्री ११:३६

आजची वार्ता. दुपारी दोनला आंटी आल्या, मैदा-रवा-नारळाचं दूध सगळं स्वतःचं घेऊन, पिशवीत काळ्या कपड्यात गुंडाळलेला फोर्क. (कंगव्यावर पण वळतात म्हणे, पण फोर्क घरचा, सासूचा आहे.) तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली आल्या, मग त्यांच्या आया, मग सेक्रेटरींची बायको 'सहज' आली. सहापर्यंत आठ जणी गोळ्या वळत होतो. आंटी तळायला उभ्या. मधेच म्हणाल्या, तो तळताना मागून चोरायचा, चटका बसायचा, तरी चोरायचा. कोणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरींच्या बायकोने हळूच हात घालून एक उचलला आणि तिला खरंच चटका बसला. आंटी इतक्या हसल्या की झारा खाली ठेवावा लागला, आणि मग तशाच रडल्या, गॅस मी बंद केला.

पार्टीचं विचाराल तर: स्पीकर नाही. सांता आहे, कारण आंटी म्हणाल्या मुलांना सांता हवाच, मुलांचा आवाज बंद झाला तर ही बिल्डिंग मला खायला उठेल. त्यांच्या दारावर स्टार नाही. पण जिन्यातला अंकलचा स्टार लावा म्हणाल्या, तो बिल्डिंगचा आहे, वर जिन्यात अंधार असतो आणि मला रात्री मिस्साहून परत यायचं आहे. (लाउडस्पीकर दहानंतर चालत नाही म्हणून मैदानातली मध्यरात्रीची मिस्सा आता रात्री साडेआठला असते, हे मला आत्ता कळलं.)

खारघरची_सई | २३ डिसेंबर, सकाळी ७:४४

चटक्याचं वाचून मी ट्रेनमध्ये नाक पुसतेय, शेजारची बाई विचारतेय काय झालं.

माझंही सांगून टाकते. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय परत काढला. चार जण बाजूने, नऊ विरुद्ध. हरलो. पण ह्या वेळी हात वर होता. आमच्या मजल्यावरच्या एका काकांची वन-रूम गावात रिकामी आहे, ते नंतर लिफ्टमध्ये म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय ते ठाणे-पनवेलच्या माणसाला माहीतच आहे, पण मागे लागणार आहे.

दुसरी_पाळी | २५ डिसेंबर, पहाटे ३:२०

व्हरांड्यातून लिहितेय. कोणीतरी रात्री अकराला दोन मोठे थर्मास आणि सहा पॉइंटचा बोर्ड गेटवर ठेवून गेलंय. चिठ्ठी नाही, टोपी नाही. वॉचमन म्हणतो स्कूटरवर होता. तुमच्यापैकी कोणी असाल तर, चहात साखर जास्त होती, बाकी सगळं बरोबर.

उलवेकर | २५ डिसेंबर, सकाळी ९:०२

मी नव्हे. आमच्या वॉचमनला काल पहिल्यांदा ताट वाढलं, तो म्हणाला साहेब, ह्या वर्षी सांता कोण? मी दाखवला. सेक्रेटरी स्वतः. घामाघूम.

सडेतोड_सदा | २५ डिसेंबर, सकाळी ११:१५

बारावी वेळ झाली. फ्रूटी संपली होती, त्याऐवजी 'माझा' दिला.

घोडबंदरचा_खड्डा | २५ डिसेंबर, सकाळी ११:२१

सदाभाऊ, चहात साखर कोण जास्त घालतं हो तुमच्याकडे?

सडेतोड_सदा | २५ डिसेंबर, सकाळी ११:२३

मी स्कूटर चालवत नाही.

चरईतली_मीनल | २६ डिसेंबर, दुपारी १२:३०

परवा संध्याकाळी आम्ही चौदातल्या तेरा घरांनी आंटींच्या दारावर एकेक प्लेट नेली. ठरवून नाही, म्हणजे मी कोणाला सांगितलं नव्हतं, सेक्रेटरींच्या बायकोने फिरवलं असणार. शिरा, नानकटाई, एकाने चक्क उकडीचे मोदक. आंटी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, प्रत्येकाला म्हणत होत्या, ठेव तिथे, आणि आत ये. टीव्ही चालू होता पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

गोठा मुलांनी मांडला. डायनॉसोर आहेत.

आज सकाळी प्लेटी परत आल्या, धुऊन, प्रत्येकीत कुलकुल. माझ्या प्लेटीतले माझेच, मी ओळखले, दगड.

कळवा_स्लो | २६ डिसेंबर, दुपारी १:०४

आत्ता घरी पोचलो. काय ठरलं मग, नाताळ करायचा का?